आधी होकार, मग खूण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या कॉलेजांत एक लाट उसळली आणि तिच्यातून पुढं वीस हजारांहून जास्त तरुण-तरुणी मिशनरी होऊन जगभर गेले. ती उठवणारा मुलगा जन्मला कुठं? बोस्टनला? न्यूयॉर्कला? छे, आपल्या कोल्हापुरात! रॉबर्ट वायल्डर, जन्म १८६३. त्याचे वडील रॉयल वायल्डर १८५२ साली इथं मिशनचं काम करायला आले होते. कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चच्या नावात हे आडनाव आजही आहे.

पण एवढे लोक ‘हो’ म्हणाले तरी कसे? त्यांच्या मनात शंका नव्हत्या का?

होत्या की! आणि इथंच बायबल आपल्याला चकित करतं. देवाचं पाचारण आलं आणि माणूस आनंदानं उठून चालू लागला, असं तिथं दरवेळी घडत नाही. यिर्मया म्हणतो, मी तर अजून पोर आहे. गिदोन लोकर खळ्यात पसरतो: लोकर भिजू दे, जमीन कोरडी राहू दे. तसं होतं. तरी त्याचं समाधान नाही! दुसऱ्या रात्री म्हणतो, आता उलट करून दाखव. आणि देव तेही करून दाखवतो.

मोशेचं तर विचारूच नका. झुडूप जळतंय पण भस्म होत नाही, आतून प्रत्यक्ष देव बोलतोय, आणि हा हरकती काढत बसलाय. मी कोण जाणारा? तुझं नाव काय सांगू? लोकांनी विश्वास ठेवला नाही तर? माझी जीभ जड आहे. चारही वेळा त्याला शांतपणे उत्तर मिळतं. पाचव्यांदा तो म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. तेव्हा कुठं देव रागावतो, आणि तरीही बोलायला मदत म्हणून भाऊ अहरोन सोबत देतोच.

आता खरी कमाल पाहा. पहिल्याच हरकतीवर देव मोशेला खूण देतो. कुठली? तू लोकांना मिसर देशातून बाहेर काढशील, तेव्हा याच डोंगरावर तुम्ही माझी उपासना कराल. म्हणजे पुरावा मिळणार तो काम झाल्यावर! रात्री बैलगाडी हाकणाऱ्याला कंदिलाच्या उजेडात चार हात वाट दिसते, पुढची दिसते ती गाडी पुढं सरकल्यावरच. मोशेच्या वाट्याला तेवढाच उजेड आला होता.

कोल्हापूरच्या मुलाची गोष्टही अशीच घडली. वडिलांबरोबर अमेरिकेला गेलेल्या रॉबर्टनं प्रिन्स्टनमध्ये मिशनच्या कामाला वाहून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक छोटा गट जमवला. त्याची बहीण ग्रेस या सगळ्यासाठी रोज प्रार्थना करी. १८८६ च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनला सुवार्तिक डी. एल. मूडींनी विद्यार्थ्यांचं शिबिर भरवलं. अडीचशेच्या आसपास मुलं आली. ग्रेसनं भावाला आधीच सांगितलं होतं, शंभर जण मिशनरी व्हायला तयार होतील. शिबिर संपता संपता किती नावं झाली? नव्याण्णव! आणि निरोपाच्या प्रार्थनेच्या वेळी आणखी एक जण आत आला. त्या शंभरांत जॉन मॉट नावाचा विद्यार्थी होता. साठ वर्षांनी, १९४६ साली, त्याला शांततेचं नोबेल मिळालं.

त्या मुलांनी सही केली तो मजकूर जेमतेम एका वाक्याचा होता: परदेशी मिशनरी व्हायची आमची तयारी आहे, इच्छा आहे, देवाची परवानगी असेल तर. शेवटचे शब्द पुन्हा वाचा. होकार आहे, पण उद्याचं सगळं कळल्याचा आव नाही. सही करणारे सगळेच गेलेही नाहीत. मला तर त्या वाक्याचा हाच प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

रॉबर्टची स्वतःची परीक्षा यानंतर आली. कॉलेजा-कॉलेजांत फिरून हे पाचारण पोचवायचं काम त्याच्यावर आलं, तेव्हा त्याची प्रकृती नाजूक होती आणि वडील थकले होते, आजारी होते. जावं की त्यांच्याजवळ राहावं? निर्णय होईना. शेवटी त्या वडिलांनीच, कोल्हापुरात उमेदीची वर्षं घालवलेल्या त्या माणसानं, देवराज्याची घोषणा करायला जा, हे येशूचे शब्द मुलाला ऐकवले. रॉबर्ट निघाला. एका वर्षात त्याच्या आणि त्याच्यासोबत फिरणाऱ्या एका साथीदाराच्या हाकेला दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी ओ दिली. हा आकडा त्याला निघण्याआधी कुणी दाखवला असता तर शंकेला जागाच राहिली नसती, नाही का? पण तसं कुणी दाखवत नाही. १८८७ साली वडील वारले. ग्रेस आईसोबत इकडे परतली आणि इस्लामपूरच्या परिसरातल्या खेड्यांत कामाला लागली. रॉबर्टही भारतात आला, विद्यार्थ्यांमध्ये राबला, पण तब्येतीनं साथ दिली नाही आणि त्याला भारत सोडावा लागला. ‘देवाची परवानगी असेल तर’ हे शब्द त्याला स्वतःलाही लागू पडले.

तुमच्याही मनात असं एखादं पाचारण घुटमळत असेल आणि शंका पाठ सोडत नसतील, तर निर्गमचे तिसरा आणि चौथा हे दोन अध्याय आज रात्री सलग वाचा. मोशेच्या हरकतींशी आपल्या हरकती ताडून पाहा. त्यातली तुमची कुठली आहे, ते ओळखा, आणि तिला मिळालेलं उत्तर दोनदा वाचा.