केशराचे भाऊबंद

फुलवाल्याकडची ग्लॅडिओलसची दांडी आणि पांपोरचे केशर एकाच कुलातले, इरिडेसी म्हणजे केशर कुलातले आहेत. या कुलातल्या बऱ्याच बहुवर्षायू वनस्पती घनकंदावर जगतात. घनकंद म्हणजे अन्न साठवून फुगलेले खोडच. आडवा कापला तर कांद्यासारखे पापुद्रे निघत नाहीत, आत सगळा भरीव गर. हंगामात जुना कंद खर्ची पडतो आणि त्याच्याच डोक्यावर नवा तयार होतो. असे दरवर्षी वर सरकत कंद उघडा पडायचा. पण आकसणारी खास मुळे त्याला पुन्हा खाली ओढतात.

फुलाला सहा पाकळ्या, पुंकेसर मात्र तीनच. लिलीला सहा असतात, त्यामुळे ओळखायची ही सोपी खूण. बीजांडकोशही पाकळ्यांच्या खाली असतो. केशरात तर तो चक्क जमिनीत दडलेला. देठ वाटते ती फुलाचीच लांब नळी. आपण दुधात घालतो ते पुंकेसर नव्हेत, स्त्रीकेसराची तीन लाल टोके आहेत. ग्रॅमभर सुक्या केशराला सुमारे 150 फुले लागतात. केशराला बी धरतच नाही, लागवड कंदांवरच चालते.