अर्ध्या बादलीचा जमाखर्च

शिवडीची धूळ एका कुळीची नाही. बंदराकडे अहोरात्र ये-जा करणाऱ्या मालमोटारींच्या चाकांखाली दळली गेलेली रस्त्याची माती, शिवडी–वरळी उन्नत मार्गाच्या खांबांभोवती वर्षानुवर्षे उडत राहिलेली सिमेंटची भुकटी आणि तेलाच्या टाक्यांच्या बाजूने येणारी, बोटाला किंचित चिकट लागणारी काजळी, या तिन्हींचे ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावरून सुटणाऱ्या खारट, दमट वाऱ्याशी रात्रभर संगनमत चालते. आणि सकाळी उघड्यावरच्या मोटारीवर त्या संगनमताचा जो करडा थर बसलेला आढळतो, तो कोरड्या फडक्याने झटकू पाहणाऱ्याच्या पदरी स्वच्छतेऐवजी ओरखडेच पडतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सातही तलावांचा साठा तळाशी गेला, आणि महानगरपालिकेने ३० मेपासून पाच टक्के व ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात जारी केली. त्या दिवसांत टोकरशी जीवराज मार्गालगतच्या एका जुन्या चाळीच्या आवारातून जात असता, पर्जन्यवृक्षाखाली ओळीने उभ्या असलेल्या धुरकटलेल्या वाहनांमध्ये एकच पांढरी मोटार इतकी लख्ख दिसली, की अशा टंचाईत ही चैन कोणाला परवडते, या काहीशा रागाच्याच कुतूहलाने माझे पाऊल थांबले. मोटारीच्या पलीकडे उकिडवे बसलेले एक सडपातळ, पांढऱ्या मिशांचे वृद्ध गृहस्थ फडके हातात घेऊन उठले. किती पाणी लागते, असे मी विचारले. "अर्धी बादली," ते म्हणाले. आणि माझ्या चेहऱ्यावरचा अविश्वास बहुधा नित्याच्या सवयीने ओळखून, "पटत नसलं तर उद्या पाच वाजता या," अशी पुस्ती त्यांनी जोडली.

चाळीत त्यांना सर्वजण तात्या म्हणतात. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हणजे पर्जन्याची अवकृपा हीच जेथली वहिवाट, अशा मुलखात. १९७२ च्या दुष्काळात मिसरूडही न फुटलेल्या वयात ते सरकारी कामावर खडी फोडावयास जात. पुढे मुंबईस येऊन गोदीत लागले, आणि तेथूनच सेवानिवृत्त झाले. मोटार त्यांची नव्हे. ती मुलाची, कर्ज काढून घेतलेली. मुलगा रोज सकाळी तीतून अटल सेतूवरून नवी मुंबईस नोकरीला जातो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या या पुलाच्या २१.८ किलोमीटरांपैकी साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जातात, तेव्हा संध्याकाळी घरी परतणारी मोटार शिवडीच्या धुळीखेरीज मिठाचाही थोडा नजराणा घेऊन येते. "खडी फोडली त्याला धूळ शिकवायला लागत नाही," तात्या म्हणाले. "बारीक दिसते, पण आत दगडच असतो."

पहाटे पाच वाजता आवारात दिवे होते, परंतु माणसे नव्हती. नळ नुकताच आला होता, आणि प्रत्येक बिऱ्हाडातून पिंपे व हंडे भरण्याचा आवाज एका सुरात ऐकू येत होता. तात्या जिन्यावरून उतरले, ते एका हातात बादली आणि काखेत फडक्यांची वळकटी घेऊन. बादली खरोखरच अर्धी होती. पंधरा-सोळा लिटरांच्या बादलीत निम्म्याच्या रेघेपर्यंत पाणी, म्हणजे सात-आठ लिटर. त्यात त्यांनी मोटारीसाठी मिळणाऱ्या शाम्पूचे एक टोपण ओतले. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण ते पत्र्याला लावू देत नाहीत, कारण तेलकटपणा काढणे हाच त्या द्रव्यांचा धर्म असल्यामुळे पत्र्यावरील मेणाचा संरक्षक हातही ती काढून नेतात. सूर्य वर येण्यापूर्वी काम उरकण्याचे कारणही असेच साधे आहे: तापलेल्या पत्र्यावर थेंब वाळतो आणि त्यातले क्षार पांढरा डाग होऊन मागे राहतात.

यानंतर मी जे पाहिले, ते धुण्याच्या माझ्या कल्पनेत बसत नव्हते. पाणी ओतणे नाही, फेस नाही, खळखळ नाही. फवाऱ्याच्या एका जुन्या बाटलीने त्यांनी टपावर आणि दर्शनी भागावर तुषार उडविले आणि धुळीला मऊ होण्यास अवधी दिला. बॉनेटवर कबुतराची एक वाळलेली विष्ठा होती; तिच्यावर त्यांनी एक ओले फडके पसरून ठेवले, आणि घरातून आलेला चहा आम्ही दोघांनी संपवीपर्यंत तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. चहा झाल्यावर ते फडके त्यांनी दोन्ही हातांनी सरळ वर उचलले. डाग फडक्यासोबत गेला. "घासायचं नाही," ते म्हणाले, "उचलायचं."

त्यांच्या विद्येचे सर्व रहस्य फडक्याच्या घडीत आहे. चौकोनी मायक्रोफायबरचे फडके एकदा मुडपले, पुन्हा मुडपले, की त्याचे चार भाग होतात आणि दोन्ही बाजू धरून वापरण्याजोगी आठ तोंडे मिळतात. टपाच्या एका पट्ट्यावरून एक तोंड सरळ रेषेत, हाताचा भार न देता, एकदाच फिरते. मग घडी उलटली जाते, आणि दुसऱ्या पट्ट्याला दुसरे तोंड लाभते. आठही तोंडे मळली, की ते फडके बाजूच्या घमेल्यात पडते आणि नवे फडके बादलीतून निघते. मळलेले फडके काही केल्या बादलीत परत जात नाही. त्यामुळे शेवटच्या दाराला पोहोचेपर्यंत बादलीतले पाणी, आरंभी होते तसेच, तळ दिसण्याइतके निर्मळ राहते. फडक्यांचा चिकटविलेला छाप आणि कडेची जाड शिलाई तात्यांनी कात्रीने केव्हाच काढून टाकली आहे; त्या टाचलेल्या किनारीची रेघ उन्हात दिसते, असे त्यांचे म्हणणे. माथ्याकडून पायथ्याकडे हा क्रम कधी मोडत नाही, कारण चाकांनजीकच्या पत्र्यावर रस्त्याची खरखरीत माती असते आणि तिथे लागलेले फडके वर न्यावयाचे नसते. मागाहून कोरड्या फडक्याने पुसणे, आणि काचांना जुन्या धोतराचा तुकडा.

या सावधगिरीला आधार आहे. आजच्या मोटारींच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, त्याची जाडी साधारणतः चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. आणि मोटारीची सारी झळाळी त्याच थराच्या हवाली असते. धुळीतला वाळूचा कण त्या थरावरून फरफटत गेला, की एक सूक्ष्म चरा उमटतो. अशा चऱ्यांचे जाळे काळ्या मोटारींवर दुपारच्या उन्हात कोळिष्टकाप्रमाणे चकाकताना आपण सर्वांनीच पाहिले आहे. पाण्याची धार सोडणारा माणूस कण वाहवून नेण्याचे काम पाण्याकडे सोपवितो. पाणी हाती नसेल, तर तेच काम फडक्याला आणि मनगटाला करावे लागते, आणि ती दोन्ही पाण्याइतकी उदार नसतात.

शिवडी आणि मोटार यांचा संबंध नवा नाही. १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने हिंदुस्थानात मोटारी जोडण्याचा पहिला कारखाना काढला, तो येथेच. सुटे भाग खोक्यांत भरून बोटीने मुंबई बंदरात येत, आणि शिवडीत त्यांची शेवरलेट होऊन बाहेर पडे. १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. साबणाशीही या वस्तीचे जुने नाते आहे, कारण लिव्हर कंपनीचा साबणाचा कारखाना १९३४ मध्ये येथेच सुरू झाला. मोटारी बनविणारी आणि साबण शिजविणारी ही वस्ती. तीत स्वतःच्या मोटारीची चिंता वाहणारा कामगार मात्र पुष्कळ उशिरा आला, आणि आला तेव्हा त्याच्या वाट्याला मोटारघर आले नाही, चाळीच्या आवारातली झाडाखालची जागा आली.

याच आवारात आणखीही एक रीत चालते. साडेपाचच्या सुमारास दोन तरुण मुले येतात, पलीकडच्या नव्या इमारतीतल्या आणि रस्त्याकडेच्या मोटारी दरमहा काही शे रुपयांच्या बोलीवर पुसतात, आणि एका बादलीत चार मोटारी आटोपून पुढे जातात. त्यांचे पाणी दुसऱ्या मोटारीपाशीच चहाच्या रंगाचे झालेले असते, आणि तेच फडके त्यात बुडून पुन्हा पत्र्यावर येते. तात्यांना त्यांची पद्धत पसंत नाही. पण त्यांनी त्या मुलांना एका शब्दाने दोष दिलेला मी ऐकला नाही. "त्यांना वॉचमन एकच बादली भरू देतो," ते म्हणाले, "आणि सहाच्या आत वीस गाड्या. आठ तोंडं मोजायला त्यांना कुठली फुरसत?" कमी पाण्यात मोटार धुणे ही जर कला असेल, तर ती ज्याच्याजवळ फडकी विपुल आहेत आणि सकाळ मोकळी आहे, त्याचीच कला आहे. त्या मुलांची काटकसर पोटासाठी पत्करलेली, तात्यांची निवृत्तिवेतनावर पोसलेली. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्हींचे आकडे सारखेच वाखाणण्याजोगे दिसतात.

तात्यांच्या आकड्याचा महिमा मला थोडाथोडका वाटला नाही. रबरी नळीतून मिनिटाला बारा लिटर पाणी वाहते असे धरले, तरी वीस मिनिटांच्या धुण्याला दोनशे चाळीस लिटर लागतात. शहरातल्या एका माणसाला दिवसाकाठी १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे नळीने धुतलेली एक मोटार जवळजवळ दोन माणसांचा दिवस पिऊन टाकते. आणि हे पाणी येते तानसा, भातसा, वैतरणेकडून. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा भरतात, तेथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा पार्श्वभूमीवर अर्धी बादली हा केवळ हिशेब राहत नाही, त्याला नीतीचे तेज चढते. ते तेज तात्यांनाही जाणवत असावे, कारण ज्याला त्याला ते तो आकडा सांगत. भाडेकरू संघाच्या फलकावर, नळी लावून वाहने धुण्यास मनाई करणाऱ्या सूचनेखाली, कोणीतरी खडूने "तात्या — अर्धी बादली" असे लिहूनही ठेवले होते.

पावसाळा सरल्यावर, खाडीत रोहित पक्षी उतरू लागले होते त्या सुमारास, एका रविवारी तात्यांनी मला वर घरी नेले. मोरीत त्यांच्या पत्नी माई बसल्या होत्या. त्यांच्यापुढे ते घमेले होते, आणि आठ-दहा मळकी फडकी एका बादलीत भिजत पडली होती. मोरीत शाम्पूचा लिंबासारखा वास आणि फडक्यांतून सुटणारा खाडीचा खारट, ओला वास एकमेकांत मिसळलेला होता. मी कौतुकाने अर्ध्या बादलीची गोष्ट काढली. माईंनी फडके पिळीत, मान वर न करता विचारले, "आणि ही फडकी कोण धुतं?"

मग त्यांनी सविस्तर तक्रार मांडली. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुवावयाचे नाही, कारण सुताचे तंतू त्यात अडकतात. कढत पाणी नको, कारण त्याचे धागे बिघडतात. कपडे मऊ करणारे सुगंधी औषध नको, कारण मग ते पाणी शोषीत नाही. तात्यांनी ही सर्व पथ्ये माईंना शिकविली होती आणि ती पाळली जातात की नाही, यावर देखरेखही ते स्वतः ठेवीत. "माझ्या साड्या मशिनच्या उरल्या पाण्यात निघाल्या तरी चालतात," माई म्हणाल्या, "यांच्या फडक्यांना दोन वेळा नवं पाणी." पहिल्या पाण्यात माती सुटते, दुसऱ्यात साबण. मी मनाशी मोजले, दीड बादली. घरातल्या धुण्याचे शेवटचे पाणी तात्या चाकांना वापरतात हे खरे, परंतु ते जमेच्या बाजूला धरले तरी खर्चाच्या बाजूची ही दीड बादली पुसली जात नाही.

अर्धी बादली हा आकडा खोटा म्हणता येणार नाही. तो अपुरा आहे. आवारात खर्ची पडलेले पाणी त्यात धरले आहे, मोरीत खर्ची पडलेले वगळले आहे. मोटारीभोवती घालविलेला तासभर त्यात अभिमानाने मिरवतो, मोरीतला अर्धा तास कोणत्याच वहीत चढत नाही. दोन्ही मिळून दोन बादल्या, म्हणजे तीस-बत्तीस लिटर, नळीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकेच होतात, तेव्हा तात्यांच्या पद्धतीचे श्रेष्ठत्व अबाधित राहते आणि ती चाळीतल्या प्रत्येकाने उचलावी, असे मी बेलाशक म्हणेन. परंतु पाणी वाचविण्याच्या ज्या ज्या युक्त्या आपण वर्तमानपत्रांतून आणि सभांतून ऐकतो, त्यांत वाचलेल्या पाण्याच्या जागी कोणाचे तरी हात आलेले असतात, आणि ते हात बहुधा ज्याच्या नावावर बचत जमा होते, त्याचे नसतात.

माईंनी यावर एक तजवीजही सुचविली आहे: ज्याची मोटार, त्याने फडकी धुवावी. तात्यांना ती तत्त्वतः मान्य आहे. मात्र हा ठराव चिरंजीवांच्या कानावर अद्याप घातला गेलेला नाही. रविवारी ते नऊला उठतात, आणि नळ त्याच्या कितीतरी आधी जातो.