उणे चाळीसचे तेल आणि त्याचा भाव

सुपीरियर तलावाकाठच्या डुलुथमध्ये जानेवारीत पारा उणे २५ अंशांपर्यंत उतरला तरी कोणाला नवल वाटत नाही. तिथले लढाऊ वैमानिक अल अमाटूझिओ यांना जेट इंजिनांत कृत्रिम तेल वापरतात हे माहीत होते. मग मोटारीतच का नको? १९७२ साली त्यांच्या अ‍ॅम्सॉइल कंपनीचे १०डब्ल्यू-४० हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या कसोटीला उतरलेले पहिले सिंथेटिक मोटर ऑइल ठरले. दोनेक वर्षांत मोबिल कंपनीचे मोबिल-१ आले. साध्या तेलाच्या कित्येक पट किंमत पाहून गिऱ्हाइके हबकली. थंडीसाठी इंजिनाला विजेचा हीटर लावणे त्यांना जास्त भरवशाचे वाटे, आणि ते फारसे चुकीचेही नव्हते.

थंडीतल्या तेलाची चाचणी बदलायला १९८०-८१चा हिवाळा कारण झाला. साउथ डकोटातल्या सू फॉल्समध्ये चांगल्या गाड्यांची इंजिने एकाएकी निकामी झाली. तेले तर प्रयोगशाळेत पास झालेली होती. गोम थंडीच्या गतीत निघाली. प्रयोगशाळेत तेल झटपट गार केले जाई. अंगणात उभ्या गाडीतले तेल दोन दिवस हळूहळू गार होत गेले आणि त्यातल्या मेणाच्या कणांची जाळी बनली. सकाळी किल्ली फिरवली की इंजिन सुरू होई, पण तळाशी थिजलेले तेल पंपाकडे सरकतच नसे. बेअरिंगे कोरडीच घासली जात. यातून तेल दोन दिवस मंदपणे गार करून तपासण्याची चाचणी आली. माझ्या मते मोटारतेलाच्या इतिहासातली ही सगळ्यात उपयोगी सुधारणा. जाहिरातीत मात्र तिचा उल्लेख कधी दिसत नाही.

आज डब्यावरच्या 'डब्ल्यू'आधीच्या आकड्यामागे हीच चाचणी आहे. ०डब्ल्यू तेल उणे ४० अंशांना पंपातून वाहिले पाहिजे, ५डब्ल्यू उणे ३५ला, १०डब्ल्यू उणे ३०ला. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांतले २०डब्ल्यू-४० उणे २०लाच थांबते. सिंथेटिकमध्ये मेण जवळजवळ नसतेच, म्हणून थंडीत ते सरस. ०डब्ल्यू तर साध्या खनिज तेलातून बनवणे जवळपास अशक्य.

मग पैशांचा तंटा उभा राहिला. नव्वदीच्या अखेरीस कॅस्ट्रॉलने आपल्या सिंटेक या सिंथेटिक तेलामधले महागडे पीएओ हे संश्लेषित मूळ तेल काढून त्याजागी हायड्रोजनच्या प्रक्रियेने शुद्ध केलेले खनिज तेल घातले आणि 'सिंथेटिक' ही पाटी कायम ठेवली. मोबिलने तक्रार केली. १९९९मध्ये अमेरिकेतल्या जाहिरात-परीक्षण संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. जर्मनीत नियम कडक राहिले, इतरत्र स्वस्त कच्च्या मालाला दार उघडले. शुद्धतेचे भोक्ते अजून चिडतात. मला ती चीड पटत नाही: असे तेल थंडीच्या त्याच चाचण्यांना उतरत असेल, तर गाडीला त्याच्या कुळाशी काय देणेघेणे?

२०१७मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने दोन्ही प्रकारांची तुलना केली. सिंथेटिक सरासरी ४७ टक्क्यांनी सरस ठरले. तेव्हा तेल बदलण्याचा खर्च साध्याला सरासरी ३८ डॉलर, सिंथेटिकला ७०. वर्षाला ६४ डॉलर जादा. एका बिघडलेल्या इंजिनापुढे ही रक्कम किरकोळच.

पुण्या-नाशकात नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० सांगतात ते थंडीसाठी नव्हे, पातळ तेलाने इंधन वाचते म्हणून. एडमंटन किंवा मिनियापोलिससारख्या थंड शहरांत राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा. तिथे गाडीच्या पुस्तिकेत चालत असेल तर ०डब्ल्यूच घ्या, कंपनीने मान्य केलेल्या तेलांतले त्यातल्या त्यात स्वस्त. पीएओची जादा किंमत उणे ३५च्या खाली गाडी रोज उघड्यावर उभी राहत असेल तरच मोजा, आणि तेव्हाही आधी हीटर बसवून घ्या.