पंखावरचा भोवरा

केळ्यावर घोंगावणारीच ही माशी, ड्रोसोफिला. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलेली. चिमट्याने पंख उपटून काचपट्टीवर ठेवला. लांबी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना शिरा तेवढ्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पंखभर लव आहे. प्रत्येक पेशीचा एकच केस, आणि झाडून सगळे टोकाकडे झुकलेले. मखमलीवरून सुलटा हात फिरवावा तसे.

केस उगवताना बघायचा तर कोष फोडावा लागतो. २५ अंश तापमानाला, कोष धरल्यापासून साधारण ३२ तासांनी. माझे पहिले चार पंख फाटले. पाचव्यावर फ्लेमिंगो या प्रथिनाचा रंग चढला आणि पेशींच्या कडांवर नागमोडी रेघा उमटल्या. प्रत्येक पेशीने टोकाकडच्या कडेला फ्रिझल्ड हे प्रथिन जमवलेलं असतं, बुडाकडच्या कडेला व्हॅन गॉग. (होय, चित्रकारच. या प्रथिनाचं जनुक बिघडलं की पंखावर त्याच्या चित्रातल्यासारखी वळणं उठतात.) एकीचं फ्रिझल्ड शेजारणीच्या व्हॅन गॉगशी भिंतीपलीकडून जोडी जमवतं, मध्ये फ्लेमिंगोचा दुवा. पेशीला टोक कुठे आहे ते दिसत नाही; तिची गाठ फक्त शेजारणीशी.

ते खरं कळलं बिघडलेल्या पंखावर. मधल्या एका ठिगळातल्या पेशींत फ्रिझल्ड नव्हतं. तिथले केस भरकटणारच. पण ठिगळाच्या टोकाकडच्या बाजूला, जनुक शाबूत असलेल्या पेशींचे केसही उलटे फिरून ठिगळाकडे वळले होते. अ‍ॅडलर आणि विन्सन यांनी १९८७ साली हेच दाखवलं. व्हॅन गॉग नसलेल्या ठिगळाभोवती नेमकं उलट: केस ठिगळापासून लांब वळतात, म्हणून बुडाकडचे शेजारी फसतात.

आमच्याकडे डोक्यावर दोन भोवरे असले की दोन लग्नं ठरलेली! माणसाच्या भोवऱ्याचं मी सांगू शकत नाही, पण फ्रिझल्ड-६ नसलेल्या उंदरांच्या अंगावरच्या केसांतही भोवरे पडतात.

मी ठिगळाच्या कडेपासून ओळी मोजत गेलो. पहिल्या ओळीत केस पार उलटे, पुढे तिरपे, मग जरा कमी तिरपे. काही ओळींनंतर ते पुन्हा टोकाकडे होते, आणि कुठल्या पेशीपाशी वळले ते बोट ठेवून सांगता येईना.