'ड्रॅगन बॉल सुपर : ब्रोली' या अ‍ॅनिमेशनपटाची लय : आक्षेप आणि समर्थन

प्रास्ताविक

अ‍ॅनिमेशनपट म्हणजे मुलांची करमणूक आणि युद्धपट म्हणजे निव्वळ मारामारी, अशी समजूत सुशिक्षित वर्गातही आढळते. त्यामुळे युद्धकलाप्रधान अ‍ॅनिमेशनपटाच्या कथनरचनेचा गांभीर्याने विचार करण्याची गरज सहसा भासत नाही. प्रस्तुत लेखात २०१८ साली जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या 'ड्रॅगन बॉल सुपर : ब्रोली' या चित्रपटाच्या लयीचा विचार केला आहे. या चित्रपटावर दोन आक्षेप घेता येतात. पहिला, पूर्वार्ध फार रेंगाळतो. दुसरा, उत्तरार्धातील युद्ध संपता संपत नाही. चित्रपटाचे दोन भाग परस्परांपासून अलग करून पाहिल्यामुळे हे आक्षेप निर्माण होतात. पूर्वार्धाच्या संथपणामुळेच उत्तरार्धातील युद्धाला अर्थ प्राप्त होतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

पार्श्वभूमी

अकिरा तोरियामा यांची 'ड्रॅगन बॉल' ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात 'वीकली शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारित 'ड्रॅगन बॉल झेड' ही दूरचित्रवाणी मालिका १९८९ ते १९९६ या काळात २९१ भागांत प्रसारित झाली. मूळ चित्रकथा पूर्ण होण्यापूर्वीच मालिका सुरू झाल्यामुळे, ती कथेच्या पुढे जाऊ नये म्हणून प्रसंग ताणले जात. नामेक हा ग्रह पाच मिनिटांत नष्ट होणार, असे सांगितल्यानंतर ती पाच मिनिटे कित्येक भाग पुरली, हे उदाहरण प्रसिद्धच आहे. पुढे २००९ पासून 'ड्रॅगन बॉल काई' या नावाने हीच मालिका काटछाट करून पुन्हा सादर करण्यात आली.

म्हणजे संथपणाचा आरोप या कथामालेला नवा नाही. परंतु मालिकेचा संथपणा प्रसारणाच्या वेळापत्रकातून आलेला होता. प्रस्तुत चित्रपटाची पटकथा स्वतः तोरियामा यांनी लिहिली, दिग्दर्शन तात्सुया नागामिने यांनी केले आणि सुमारे १०० मिनिटांत कथा पूर्ण झाली. येथे ताणण्याची सक्ती नव्हती. येथील संथपणा हेतुपुरस्सर निवडलेला आहे. म्हणूनच त्याचे प्रयोजन शोधणे आवश्यक ठरते.

गती आणि लय

गती म्हणजे ठरावीक वेळात घडणाऱ्या घटनांचे प्रमाण. लय म्हणजे संथ आणि वेगवान भागांचे परस्परांशी असलेले नाते. ख्यालगायनात विलंबित टप्प्यात रागाचे स्वरूप श्रोत्याच्या मनात स्थिर झाले नसेल, तर द्रुत ताना केवळ कसरत वाटतात. युद्धपटासही हे लागू पडते. वेगवान द्वंद्वात स्पष्टीकरणास वाव नसतो. कोण कोणावर आणि कशासाठी प्रहार करीत आहे, हे प्रेक्षकास आधीच ठाऊक असावे लागते.

पूर्वार्ध : तीन पित्यांची कथा

चित्रपटाचा आरंभ सुमारे चार दशके मागे, सायान या लढवय्या जमातीच्या ग्रहावर होतो. ब्रोली या अर्भकाची सुप्त शक्ती आपल्या मुलापेक्षा अधिक आहे हे कळताच राजा वेजिटा त्याला वाम्पा या उजाड ग्रहावर धाडतो. ब्रोलीचा पिता पॅरागस मुलाच्या ओढीने त्याच्यामागे जातो. परंतु यान निकामी होऊन तिथेच अडकतो आणि सूडापायी त्याच मुलाला शस्त्र बनवितो. तिसरा पिता बार्डॉक. सत्ताधीश फ्रीझा आपल्या जमातीचा संहार करणार, ही शंका येताच तो आणि त्याची पत्नी जिने आपल्या मुलाला, काकारोटला, पृथ्वीवर पाठवून वाचवितात. हाच मुलगा पुढे गोकू म्हणून वाढतो. एक पिता मत्सराने दुसऱ्याचे मूल दूर लोटतो, दुसरा स्वतःचे मूल गमावत नाही पण बिघडवितो, तिसरा त्याला दूर पाठवून तारतो. या तीन कृत्यांची फळे उत्तरार्धात परस्परांशी झुंजतात.

याहूनही संथ, परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रसंग यानात घडतो. फ्रीझाच्या सैन्यातील चिलाई व लेमो हे दोघे ब्रोलीशी बोलत बसतात. ब्रोली आपल्या कमरेच्या हिरव्या कातड्याविषयी सांगतो. वाम्पावरील एका अजस्र प्राण्याशी त्याची मैत्री जुळली होती. पित्याने त्या प्राण्याचा कान उडवून ती मैत्री तोडली. तोच कान ब्रोली अंगावर बाळगतो. या प्रसंगात एकही प्रहार नाही, आणि तरीही पुढील प्रत्येक प्रहाराचा अर्थ यामुळे बदलतो.

येथे १९९३ च्या, ब्रोलीचे पहिले दर्शन घडविणाऱ्या चित्रपटाशी तुलना उद्बोधक ठरेल. त्यात ब्रोलीच्या द्वेषाचे मूळ म्हणून एवढेच दाखविले होते की, शेजारी ठेवलेल्या तान्ह्या काकारोटच्या रडण्याचा त्याला त्रास झाला. तो चित्रपट तुलनेने आटोपशीर आहे. पण त्यातील ब्रोली केवळ संहारक शक्ती म्हणून लक्षात राहतो.

उत्तरार्ध : युद्धाची अंतर्गत रचना

चित्रपटाचा बराचसा भाग सरल्यावर युद्ध सुरू होते व अखेरपर्यंत चालते. मात्र ते एकसुरी नाही. प्रथम वेजिटा लढतो, आणि ब्रोली लढता लढताच शिकत जातो. नंतर गोकू पुढे येतो; तो मध्येच ब्रोलीला रोखून, तू मुळात वाईट नाहीस, अशा आशयाचे बोलतो. पूर्वार्ध पाहिलेल्या प्रेक्षकास हे आधीच पटलेले असते. त्यानंतर ब्रोलीचा क्रोध भडकावण्यासाठी फ्रीझा पॅरागसचा वध करतो, आणि युद्धाचे स्वरूप पालटते.

यानंतर गोकू व वेजिटा एकरूप होण्याच्या विधीचा सराव करतात आणि दोनदा फसतात. तोवर फ्रीझा ब्रोलीचा मार खात राहतो. हा विनोदी विराम वेग मोडण्यासाठीच योजलेला आहे. त्यामुळे दोघांच्या एकरूपतेतून गोगेटा अवतरतो तेव्हा नजर पुन्हा ताजी झालेली असते.

खरी कसोटी शेवटी आहे. गोगेटाचा अंतिम प्रहार ब्रोलीचा प्राण घेणार, इतक्यात चिलाई व लेमो इच्छापूर्तीच्या वरदानाने त्याला वाम्पावर परत पाठवितात. खलनायक नामशेष व्हावा, अशीच युद्धपटाच्या प्रेक्षकाची एरवी अपेक्षा असते. येथे मात्र तो वाचावा असे वाटते. हे मनःपरिवर्तन युद्धात घडलेले नाही. यानातील त्या संथ संभाषणात घडलेले आहे. अखेरीस गोकू वाम्पावर ब्रोलीला भेटतो आणि आपले काकारोट हे नावही सांगतो. आरंभी बार्डॉक व जिने यांच्यासाठी दिलेला वेळ येथे सार्थकी लागतो.

मर्यादा

समर्थन करताना दोष नाकारण्याचे कारण नाही. गोगेटाच्या आगमनानंतर निकालाविषयी संदेह उरत नाही. तरीही संहाराची दृश्ये लांबतात. पॅरागसच्या वधानंतर ब्रोलीचे दुःख क्षणात क्रोधात विरून जाते. तिथे थोडा विलंब हवा होता. म्हणजे चित्रपटाचे उणेपण असेलच, तर ते संथ भागात नसून वेगवान भागात आहे.

समारोप

वेग हा स्वतंत्र गुण नव्हे आणि संथपणा हा स्वतंत्र दोषही नव्हे. संथ भागाने पुढील वेगवान भागास काय पुरविले, हा प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही चित्रपटाच्या लयीविषयी निर्णय देणे योग्य ठरणार नाही. प्रस्तुत चित्रपटात त्या भागाने शत्रूविषयीची करुणा पुरविली आहे. लोकप्रिय कलाकृती वर्गात अभ्यासासाठी घेताना 'कंटाळवाणे' हा विद्यार्थ्यांचा अभिप्राय नेहमीच ऐकावा लागतो. त्या अभिप्रायापासून चर्चा थांबवण्याऐवजी ती तिथूनच सुरू करता येईल, एवढे या विवेचनावरून म्हणता येते.