विद्यार्थ्यांची स्वतःची इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि वर्गाध्यापन : राजूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर हे सह्याद्रीच्या कुशीत वसलेले बाजारपेठेचे गाव आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय, आश्रमशाळा, वसतिगृहे आणि महाविद्यालय यांमुळे तालुक्याच्या पश्चिम भागाचे ते शैक्षणिक केंद्र ठरले आहे. शेंडी, घाटघर, रतनवाडी, कुमशेत या बाजूच्या डोंगराळ गावांत प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. या समाजांतील अनेक विद्यार्थी उच्च शिक्षण घेणारी घरातील पहिली पिढी होत.

विद्यार्थ्याने स्वतःचा भ्रमणध्वनी, टॅबलेट अथवा लॅपटॉप वर्गात आणावा व त्याचा अध्ययनासाठी उपयोग करावा, हा विचार गेल्या काही वर्षांत शिक्षणक्षेत्रात रूढ झाला आहे. मात्र, त्यात 'स्वतःचा' हा शब्द गृहीत धरलेला असतो. राजूरसारख्या परिसरात हे गृहीतक कितपत टिकते आणि न टिकल्यास वर्गाध्यापनाचे नियोजन कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी :

कर्मचाऱ्याने कार्यालयीन कामासाठी स्वतःचे उपकरण वापरावे, ही पद्धत प्रथम व्यवसायक्षेत्रात रुजली व तेथून ती शिक्षणसंस्थांकडे आली. भारतात आरंभीचे प्रयत्न याच्या उलट दिशेचे होते. त्यांत उपकरण पुरविण्याची जबाबदारी योजनेची किंवा शासनाची होती. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत झाला. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये 'आकाश' हा स्वस्त टॅबलेट विद्यार्थ्यांसाठी जाहीर केला. हे दोन्ही प्रयत्न देशव्यापी होऊ शकले नाहीत.

दरम्यान परिस्थिती दुसऱ्या बाजूने बदलली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि स्मार्टफोन खेड्यापाड्यांत पोहोचला. २०१७ मध्ये 'स्वयम्' आणि 'दीक्षा' ही शासकीय व्यासपीठे सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली; पुढे ही पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांनीही स्वीकारली. २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी टाळेबंदीमुळे वर्ग बंद झाले आणि घरातील फोन हाच वर्ग बनला. शिक्षणाचे साधन पुरविण्याचा भार संस्थेकडून कुटुंबाकडे सरकला, तो असा कोणताही औपचारिक निर्णय न होता.

'स्वतःचे' उपकरण : आकडेवारी आणि वास्तव :

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता व १४.९ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सुविधा होती. २०२५ च्या आरंभी झालेल्या दूरसंचारविषयक सर्वेक्षणात देशातील ८५.५ टक्के कुटुंबांकडे किमान एक स्मार्टफोन असल्याचे आढळले. हे आकडे पाहता उपकरणाचा प्रश्न जवळजवळ सुटला, असे वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि, कुटुंबाकडे फोन असणे आणि विद्यार्थ्याकडे फोन असणे या दोन भिन्न बाबी आहेत. 'असर' २०२३ या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाचा अभ्यास केलेला आहे. त्यानुसार सुमारे ९० टक्के युवकांच्या घरी स्मार्टफोन होता व त्यांना तो वापरता येत होता. परंतु स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेल्या मुलांचे प्रमाण ४३.७ टक्के, तर मुलींचे केवळ १९.८ टक्के होते. म्हणजे ज्या वर्गात 'आपापला फोन काढा' अशी सूचना दिली जाते, त्या वर्गात या वयाच्या दर पाच मुलींपैकी चौघींकडे काढण्यासाठी स्वतःचा फोन नसण्याची शक्यता आहे. हे आकडे राजूरचे नसून देशातील निवडक ग्रामीण जिल्ह्यांचे आहेत. कनिष्ठ महाविद्यालयाच्या वयोगटाला मात्र ते थेट लागू पडतात.

राजूर परिसरात या प्रश्नाला ऋतुमानाचेही परिमाण आहे. शैक्षणिक वर्ष सुरू होते तोच भाताच्या आवणीचा काळ असतो. पावसाळा संपल्यावर अनेक कुटुंबांतील माणसे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूस जातात. घरात एकच फोन असेल, तर तो कमावत्या माणसाबरोबर जातो आणि ते योग्यही आहे. पश्चिमेकडील अतिपावसाच्या पट्ट्यात वीज खंडित होणे नवे नाही. डोंगरांच्या आडोशामुळे अनेक वाड्यांना फोनचे संकेत मिळत नाहीत. त्यामुळे फोन आहे पण चार्ज नाही, चार्ज आहे पण रिचार्ज नाही, रिचार्ज आहे पण रेंज नाही, अशा अवस्थांतून विद्यार्थी जात असतो. हजेरीपटावर या तिन्ही अवस्थांची नोंद बहुधा 'स्वाध्याय सादर केला नाही' एवढीच होते.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन भरताना आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येणारा सांकेतिक अंक लागतो. प्रवेश, परीक्षा अर्ज व निकाल हेही ऑनलाईन झाले आहेत. म्हणजे वर्गाबाहेरील व्यवस्थेने फोन जवळजवळ अनिवार्य केला आहे. अशा स्थितीत वर्गात सरसकट बंदी घातल्याने प्रश्न केवळ दाराबाहेर जातो, सुटत नाही.

वर्गातील उपयुक्तता :

स्मार्टफोनमध्ये छायाचित्रक, ध्वनिमुद्रक, स्थाननिश्चिती, कंपासूचक आणि कोनमापक ही साधने एकत्र असतात. यांपैकी बहुतेकांना इंटरनेट लागत नाही, ही बाब राजूरसारख्या ठिकाणी विशेष महत्त्वाची आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना प्रवरेच्या खोऱ्यातील उतारांचे कोन मोजता येतील. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यालगतच्या वनस्पतींची छायाचित्रे स्थान व दिनांकासह नोंदविता येतील. मराठीच्या विद्यार्थ्यांना घरातील वृद्धांच्या बोलीतील शब्द, म्हणी व कहाण्या ध्वनिमुद्रित करता येतील.

याच तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचे जतन केले. त्या कार्यासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काळभात, जिरवेल यांसारख्या स्थानिक भातवाणांविषयीचे ज्ञान आजही बव्हंशी मौखिक आहे. असे ज्ञान विद्यार्थ्याने स्वतः नोंदवून वर्गात आणले, तर पहिल्या पिढीचा विद्यार्थी ज्ञानाचा केवळ ग्राहक न राहता पुरवठादारही ठरतो. उपकरणाचा सर्वाधिक शैक्षणिक लाभ या ठिकाणी आहे.

याउलट, चित्रफिती दाखविणे हा सर्वांत खर्चिक उपयोग आहे. सेकंदाला १ मेगाबिट गतीने चालणारी एका तासाची चित्रफीत सुमारे ४५० मेगाबाईट माहिती खर्च करते. तेच व्याख्यान ६४ किलोबिट गतीच्या ध्वनिफितीत सुमारे २९ मेगाबाईटमध्ये बसते, तर त्याचे टंकलिखित टिपण त्याहून कितीतरी लहान असते. शिवाय, ६० विद्यार्थ्यांनी एकाच वेळी ती चित्रफीत उघडल्यास सेकंदाला ६० मेगाबिट क्षमता लागेल. ग्रामीण मनोऱ्याची क्षमता सर्व ग्राहकांत विभागलेली असल्याने वर्गातील बहुतांश वेळ प्रतीक्षेतच जाण्याचा संभव असतो.

अवधानाचा प्रश्न :

वर्गातील उपकरणांविषयी प्राध्यापकांची मुख्य तक्रार लक्ष विचलित होण्याची असते. संशोधनाने तिला बराच आधार दिला आहे. कॅनडात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्यांचे गुण घटलेच; परंतु ज्यांना त्यांचा पडदा दिसत होता त्या शेजाऱ्यांचेही गुण घटले. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट सैनिकी अकादमीतील २०१७ च्या अभ्यासात, संगणक वापरण्यास मुभा असलेल्या वर्गांतील विद्यार्थ्यांची अर्थशास्त्राच्या परीक्षेतील कामगिरी सुमारे ०.१८ प्रमाण विचलनाने कमी आढळली.

इंग्लंडमधील ९१ शाळांच्या अभ्यासात फोनबंदीनंतर निकाल सुधारले व त्याचा सर्वाधिक लाभ अभ्यासात मागे असलेल्या विद्यार्थ्यांना झाला. स्वीडनमधील २०२० च्या तशाच अभ्यासात मात्र असा परिणाम दिसला नाही. हाताने टिपणे घेणे श्रेष्ठ, हा २०१४ च्या प्रसिद्ध अभ्यासाचा निष्कर्षही पुढील पडताळणीत तितकासा टिकला नाही. म्हणून अनिर्बंध वापर हानिकारक असतो, एवढे विधान साधार करता येते. पूर्ण बंदी सर्वत्र हितकारक असते, असे म्हणता येत नाही. इंग्लंडमधील निष्कर्षाचा एक अर्थ मात्र राजूरच्या दृष्टीने विचारात घ्यावा लागेल : शिथिलतेची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. घरी शिकवणी वा मार्गदर्शक नसलेल्या विद्यार्थ्यासाठी वर्गातील तास हीच प्रमुख शिदोरी असते.

गोपनीयता :

वैयक्तिक फोनमध्ये कुटुंबाचे संदेश, छायाचित्रे आणि बँकेचे व्यवहार असतात. शिक्षकाने तो तपासणे अथवा विशिष्ट ॲप घेण्याची सक्ती करणे यास मर्यादा असल्या पाहिजेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीच्या वापरासाठी सर्वसाधारणपणे पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी या व्याख्येत येतात. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात विद्यार्थिनींचे क्रमांक सर्वांना दिसतात, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

नियोजनाची तत्त्वे :

वरील विवेचनावरून पुढील तत्त्वे सुचविता येतात.

१. वर्गात उपकरण बंद असणे ही मूळ अवस्था मानावी. निश्चित कृतीसाठी, निश्चित वेळेपुरते ते उघडावे व कृती संपताच बंद करावे.

२. कृतीचे एकक एक विद्यार्थी न मानता तीन-चार जणांचा गट मानावे. एका गटाला एक फोन पुरतो. मात्र फोन ज्याचा आहे त्याच्याकडे लेखनाचे व इतरांकडे उपकरण हाताळण्याचे काम द्यावे; अन्यथा इतर सदस्य केवळ प्रेक्षक राहतात. अशी हाताळणी फोनधारकाच्या संमतीने व त्याच्यासमोरच व्हावी.

३. प्रत्येक डिजिटल कृतीस कागदावरील समतुल्य पर्याय असावा व दोन्हींना समान गुण असावेत.

४. अध्ययनसाहित्य शक्यतो टिपण व ध्वनिफीत या स्वरूपात द्यावे. ग्रंथालयातील एका संगणकावर ते साठवून इंटरनेटशिवाय, स्थानिक वाय-फायद्वारे वितरित करता येते.

५. उपस्थिती केवळ फोनद्वारे घेऊ नये. गटावर टाकलेली प्रत्येक सूचना फलकावरही लावावी.

६. प्रवेशाच्या वेळी उपकरणाविषयीची माहिती गोपनीय पद्धतीने घ्यावी. फोन नसणाऱ्यांना वर्गात हात वर करावयास लावू नये.

७. महाविद्यालयाने काही टॅबलेट ग्रंथालयात पुस्तकांप्रमाणे देवघेवीसाठी ठेवावेत व चार्जिंगची सोय करावी.

निष्कर्ष :

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरले जात आहे, असा प्रश्न उपस्थित केला होता. राजूर परिसरात त्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या घरच्या परिस्थितीत शोधावे लागते. विद्यार्थ्यांचे उपकरण हे अध्यापनाचे पूरक साधन म्हणून निश्चितच मोलाचे आहे, विशेषतः परिसराच्या नोंदीसाठी. परंतु ते शिक्षणाची पूर्वअट झाले, तर ज्या कुटुंबाने मुलीला गावाबाहेर शिकावयास पाठविण्याचे धैर्य दाखविले, त्याच कुटुंबावर आणखी एक शुल्क लादले जाते आणि ते कोणत्याही पावतीवर दिसत नाही. म्हणून वर्गातील पाठाचे नियोजन सर्वोत्तम उपकरण समोर ठेवून न करता, उपकरण नसलेल्या विद्यार्थ्याला समोर ठेवून करणे हेच शैक्षणिक व सामाजिक दृष्ट्या उचित ठरते.