हिरवा चहा आणि अवटु ग्रंथी

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्याला दोन गोष्टींनी नाव मिळवून दिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज अंमलदारांनी धौलाधार पर्वताच्या पायथ्याशी चहाची लागवड करविली आणि तेथला हिरवा चहा अमृतसरच्या पेठेतून अफगाणिस्तान व मध्य आशियाच्या मुलखापर्यंत जाऊ लागला, ही पहिली गोष्ट. आणि गळ्यावर गाठ येऊन ती फुगत जाणारा गलगंड हा विकार त्याच खोऱ्यात घरोघर आढळे, ही दुसरी. हिरव्या चहाने थायरॉइड, म्हणजे अवटु ग्रंथी, बिघडते, अशी बोलवा आज ज्यांच्या कानावर येते, त्यांना या दोन गोष्टी शेजारी ठेवून निकाल देण्याचा मोह होईल. परंतु तो काकतालीय न्याय ठरेल, हे त्या खोऱ्यातच सिद्ध झालेले आहे.

१९५६ साली डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी कांगड्यातील सुमारे एक लक्ष वस्तीच्या टापूचे तीन विभाग पाडले, दोन विभागांत आयोडीन मिसळलेले मीठ पुरविले, तिसऱ्यात साधेच मीठ चालू ठेवले, आणि शाळाशाळांतून मुलांच्या गळ्यावर बोटे फिरवून गाठींची नोंद घेण्याचे काम वर्षानुवर्षे नेटाने केले. आरंभी दहांपैकी जवळजवळ चार मुलांना गलगंड होता. पाचसहा वर्षांत आयोडीनयुक्त मिठाच्या दोन्ही विभागांत ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली उतरले, आणि तिसऱ्या विभागात मात्र जवळपास जसेच्या तसे राहिले. पावसाने व बर्फाच्या पाण्याने डोंगराळ जमिनीतील आयोडीन धुपून जाते व म्हणून तेथल्या अन्नपाण्यातही ते उरत नाही, हे या रोगाचे मूळ होते. १९६२ साली सरकारने देशभर गलगंड नियंत्रणाची योजना अंमलात आणली, तिला या कामाचा मोठा आधार लाभला.

एवढ्याने हिरवा चहा सर्वस्वी निर्दोष ठरतो असे मात्र नाही. त्याच्यावरील आक्षेपात तथ्य किती हे समजण्यासाठी अवटु ग्रंथीचा कारभार पाहिला पाहिजे. गळ्याच्या पुढील भागी श्वासनलिकेस बिलगून असलेली, जेमतेम वीसपंचवीस ग्रॅम वजनाची ही ग्रंथी रक्तातील आयोडीन ओढून घेते, आणि थायरॉइड पेरॉक्सिडेज नावाच्या विकराच्या साह्याने ते एका प्रथिनावर जडवून थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. या संप्रेरकाच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्यांतील एक गळाला की त्याचे अधिक प्रभावी रूप सिद्ध होते, आणि शरीराची ऊब, हृदयाचा ठोका व अन्नाचा विनियोग या सर्वांची गती त्यावर ठरते. संप्रेरक कमी पडू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक सोडून अवटु ग्रंथीला कामाला जुंपते, आणि हा तगादा दीर्घकाळ चालला की ग्रंथी फुगते; हाच गलगंड.

हिरव्या चहाची पाने खुडल्याबरोबर वाफवतात किंवा तापलेल्या कढईत परततात, त्यामुळे ती काळवंडत नाहीत आणि त्यांतील कॅटेचिन ही द्रव्ये बव्हंशी शाबूत राहतात. हृदयहितकारक म्हणून वाखाणली जाणारी हीच द्रव्ये मोठ्या मात्रेत वर सांगितलेल्या विकराचा हात रोखतात. कलकत्ता विद्यापीठातील अमर चंद्र व नीला डे यांनी उंदरांना तीस दिवस हिरव्या चहाचा अर्क व शुद्ध कॅटेचिन देऊन जे प्रयोग केले व २०१० साली प्रसिद्ध केले, त्यांत उच्च मात्रेवर ग्रंथीचे वजन वाढलेले, तिची संप्रेरके घटलेली आणि टीएसएच चढलेले आढळले. मात्रा होती शरीराच्या दर किलो वजनामागे १०० मिलिग्रॅम कॅटेचिनपर्यंत. उंदराच्या व मनुष्याच्या शरीराच्या भिन्न वेगाचा हिशेब धरून रूढ रीतीने आकडेमोड केली, तर साठ किलोच्या माणसास हे रोजचे सुमारे एक ग्रॅम होईल. एका पेल्यात साधारणतः १०० ते २०० मिलिग्रॅम कॅटेचिने उतरतात. तेव्हा दिवसाचे दोनतीन पेले त्या मर्यादेपासून बरेच दूर राहतात.

ही मर्यादा ओलांडण्याचे खरे भय पेल्यात नसून बाजारात मिळणाऱ्या अर्काच्या कॅप्सूलमध्ये आहे, कारण पाचसहा पेल्यांचा ऐवज तीतून एका घोटासरशी पोटात जातो. चहातील प्रमुख कॅटेचिन, ज्यास संक्षेपाने ईजीसीजी म्हणतात, ते पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृतास इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू शकतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली दिला. वजन उतरावे म्हणून अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत अवटु ग्रंथी मंदावलेले रुग्णही असतात. त्यांचे वाढलेले वजन पुष्कळअंशी अंगात साठलेल्या पाण्यामिठाचे असते व योग्य औषधाने ते उतरते. चहाच्या अर्काने ग्रंथीची मंदी मुळीच हटत नाही.

सकाळच्या गोळीचा प्रश्न याहून निकडीचा. अशा रुग्णांना दिली जाणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास दुसरे काही तोंडात घालावयाचे नाही, असा दंडक आहे. कॉफीबरोबर घेतल्यास तिचे शोषण घटते, हे इटलीतील साल्व्हातोरे बेन्वेंगा व सहकाऱ्यांनी २००८ साली दाखविले; चहाच्या बाबतीतही तीच खबरदारी बाळगावी. गोळी रोज नियमाने घेऊनही टीएसएच उतरत नाही अशी तक्रार करणाऱ्याने मात्रा वाढविण्यापूर्वी गोळी आणि आधणाचे भांडे यांमध्ये किती वेळ जातो हे एकदा घड्याळ लावून पाहावे.

आणखी एक धागा लोहाचा आहे. जेवणाबरोबर घेतलेला चहा वनस्पतिजन्य लोहाचे शोषण अडवितो, आणि अवटु ग्रंथीच्या त्या विकराचा गाभाच लोहयुक्त असल्यामुळे लोह कमी पडले की त्याची तडफ मंदावते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने पीडित होत्या. अशा घरात चहाचा पेला जेवणानंतर तासदीड तासाने घेणे, हा ग्रंथीच्याही हिताचा नियम होय. ज्यांची ग्रंथी उलट अति चपळ झालेली आहे, ज्यांची छाती धडधडते आणि हात कापतात, त्यांना मात्र चहातील कॅफिनच अधिक जाचक ठरते.

तात्पर्य, घरातल्या मिठात आयोडीन असेल, जेवणात लोह असेल आणि सकाळच्या गोळीला तिची वेळ मोकळी दिली असेल, तर दोनतीन पेले हिरव्या चहाने निरोगी ग्रंथीस धोका असण्याचे कारण दिसत नाही. बिघडलेली ग्रंथी सुधारण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. आणि कॅप्सूलरूपी अर्क हे सौम्य पेय नव्हे, ते एक औषधी द्रव्य आहे, म्हणून वैद्याच्या संमतीवाचून ते घेऊ नये.